दुसऱ्याची बानगी

"थेंब बंद करून टाकू या, काका," असं डॉक्टर नीतू कटरे म्हणाल्या आणि बकाराम रहांगडालेला वाटलं, संपलं. आता थेंब घालण्यातही अर्थ उरला नाही. आठ-नऊ वर्षं तो या वाक्याची वाट बघत होता, पण ते असं भर सकाळी, बाहेर बाकावर कुणाच्या तरी मोबाइलमध्ये भजन वाजत असताना येईल असं त्याच्या मनात कधी आलं नव्हतं. त्यानं मांडीवरचा रुमाल घडी करून खिशात ठेवला आणि विचारायचं म्हणून विचारलं, "मंग आता किती दिवस दिसंल, मॅडम?" डॉक्टरीणबाई हसल्या. वयानं त्याच्या मुलीहून, आचलहून, चार-पाच वर्षांनीच मोठ्या असतील. "काका, मी उलटं सांगतेय. तुम्हाला काचबिंदू नाहीये. जुने सगळे रिपोर्ट पाहिले, आज परत मशीनवर घेतलं. तिळभर फरक नाही. डोळ्याचं प्रेशर तेव्हाही नॉर्मल, आजही नॉर्मल. बहुतेक तुम्हाला हा आजार कधी नव्हताच." बकारामला आनंद व्हायला हवा होता आणि बाईंचीही तशीच अपेक्षा असावी, कारण त्या थोडा वेळ थांबल्या. त्यानं खुर्चीचा दांडा धरला. "थेंबानं थांबला असंल न, मॅडम?" तो म्हणाला. "थेंब टाकला म्हणूनच थांबला असंल." आपला आवाज गयावया केल्यासारखा आला हे त्याचं त्यालाच ऐकू आलं.

बाईंना घाई नव्हती. त्यांनी कागद उलटा करून त्याच्यापुढे सरकवला. त्यावर दोन गोल होते, आत कप्पे, काही हिरवे, काही पिवळे, आणि बरेच लाल. हे लाल कप्पे त्याच्या ओळखीचे होते. थेंबानं आजार थांबला असता तर डोळ्यामागच्या नसेवर आधीच्या झिजेची खूण राहिली असती, बाई म्हणाल्या, आणि नस साफ आहे. मग लाल कशाला? तर ही मशीन पडद्याची जाडी मोजते. माप ती बरोबरच घेते. पण त्या मापाला चांगलं म्हणायचं की वाईट, हे ठरवायला तिच्या पोटात काही शे निरोगी माणसांची मापं भरून ठेवलेली असतात, तिच्या कंपनीनं घेतलेली. "ती माणसं बहुतेक तिकडची, परदेशातली, काका. आपल्यासारखी त्यात थोडी, काही मशीनमध्ये तर नाहीच म्हणा. आणि आपल्याकडच्या लोकांचा पडदा मधोमध मुळातच जरा पातळ भरतो. त्यात तुम्हाला मायनसचा मोठा नंबर. म्हणजे डोळा लांबट. लांब डोळ्यात पडदा ताणून बसतो, आणखी पातळ दिसतो. मशीनला हे काही कळत नाही. ती म्हणते, माझ्या माणसांपेक्षा पातळ, म्हणून लाल." बकारामनं विचारलं, "आपला पडदा काऊन पातळ रायते?" बाईंनी खांदे उडवले. पुरतं कुणालाच माहीत नाही, म्हणाल्या. वंश, डोळ्याची लांबी, वय, बाई की पुरुष, सगळ्यानंच फरक पडतो. एका कंपनीच्या मशीनचं माप दुसरीला लागत नाही. थेंब सुरू करणाऱ्या नागपूरच्या डॉक्टरांचंही चुकलं असं त्या म्हणणार नाहीत. इतकं लाल दिसल्यावर थेंब सुरू करून ठेवणं कुणालाही सुरक्षित वाटलं असतं. आता थेंब बंद करून दोन महिन्यांनी परत बघू. "खूश व्हा न, काका," शेवटी त्या म्हणाल्या. तो "हो हो" म्हणाला, नमस्कार केला, आणि जिन्यावरून उतरताना सवयीनं कठड्याला हात लावून पायऱ्या चाचपत उतरला.

रस्त्यावर आला आणि त्याला सगळं दिसलं. म्हणजे रोज दिसत होतं तेच, पण आज ते दिसणं अंगावर आलं. समोरच्या दुकानाची पाटी, तिच्या कोपऱ्यातला रंगाऱ्याचा बारीक फोन नंबर, विजेच्या तारेवर अडकलेला पतंगाचा सांगाडा. नवा धान बाजारात येऊन पडला होता. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या एकामागे एक उभ्या होत्या, ड्रायव्हर लोक हिंदीत एकमेकांच्या खानदानाचा उद्धार करत होते, आणि कुठल्या तरी मिलमधून उसन्या, म्हणजे धान उकडून काढलेल्या तांदळाचा तो आंबूस गरम वास येत होता, जो गोंदियात राहणाऱ्याला येत नाही आणि बाहेरून आलेल्याला आल्याशिवाय राहत नाही. त्याला आज तो आला. ऑटोवाला थांबला, "बैठो, काका" म्हणाला, त्यानं हात हलवून नको म्हटलं. चालत जावं असं वाटलं. घरी जायची घाई नव्हती. घरी संध्याकाळी आचल येणार होती शाळेत शिकवून, आणि पहिला प्रश्न तोच विचारणार होती.

आयुष्यभर त्यानं एकच काम केलं होतं. दवनीवाड्याहून गोंदियाच्या धान बाजारात आला तेव्हापासून एका अडत्याकडे बानगी काढायचं. पोत्यात परखी खुपसायची, ती लोखंडी पोकळ सुरी, आणि बाहेर निघालेला मूठभर धान तळहातावर घ्यायचा, ही बानगी. तळहातावर ती चोळायची, फुंकर मारायची, उजेडाकडे तोंड करून बघायची, आणि म्हणायचं, बारीक. किंवा ठोकळ, म्हणजे जाडा. किंवा काहीच न म्हणता हात झटकायचा. चिन्नोर हा बारीक, वासाचा धान; चिन्नोराची बानगी चिन्नोराशीच ताडायची, हे त्या बाजारात कुणाला सांगावं लागत नाही. ठोकळाच्या शेजारी चिन्नोराचा दाणा ठेवला तर तो पोचटच दिसणार. आणि हे जाणणाऱ्या माणसाच्याच डोळ्याची बानगी कुणी कुठल्या ढिगाशेजारी नेऊन ठेवली होती. हे सुचल्यावर त्याला हसू येऊन गेलं. बायको, मंदा, असती तर तिला सांगितलं असतं, आणि ती तोंडाला पदर लावून खूप वेळ हसली असती. मंदा नव्हती. मागच्या पोळ्याच्या आधीच गेली होती.

नागपूरहून पहिल्यांदा तो निकाल घेऊन आला तेव्हाही ती हसलीच होती. त्यानं बाजेवर बसून, पाण्याचा तांब्या हातात तसाच धरून सांगितलं होतं, "पडदा बारीक झाला म्हणे." डॉक्टरांनी पातळ म्हटलं होतं, पण त्याच्या जिभेवर बारीक हाच शब्द बसलेला. मंदाबाईचा चेहरा उजळला. "बारीक म्हंजे चांगलाच न, अजी? आपल्या घरी ठोकळ कोण खाते?" तिला खरंच तसं वाटलं होतं. ज्या घरात बारीक म्हणजे जास्त भावाचा, पाहुण्यापुढे वाढायचा, त्या घरात बारीक पडद्याचं दुःख कोण करणार? मग त्यानं समजावून सांगितलं, पातळ म्हणजे झिजतोय, बाजूनं अंधार येत येत मधे येईल, आणि एक दिवस काही दिसणार नाही. ती जमिनीवर बसली. "मंग तसं सिद्धं सांगा न," ती म्हणाली, "मी उगीच खूश झाली." आज चालता चालता बकारामला वाटलं, तेवढा वेळ, ती उगीच खूश होती तेवढाच वेळ, त्या घराला खरी गोष्ट माहीत होती. नंतर आठ-नऊ वर्षं नव्हती.

त्यानं परखी ठेवून दिली. अडत्यानं नको म्हटलं नव्हतं, उलट "अरे अभी तो दिखता है न तेरे को" असं दोनदा म्हणाला होता. पण ज्याच्या डोळ्याचा भरवसा नाही त्यानं लोकांच्या धानाचा भाव ठरवायचा नसतो, असं बकारामनं आपणच ठरवलं. मग तो गोदामात पोती लावून घ्यायच्या कामाला लागला. आणि स्वतःच्या दिसण्यावर पहारा ठेवू लागला. भिंतीवर डाग दिसला की हा भिंतीवरचा की माझ्यातला, संध्याकाळ झाली की ही सगळ्यांची संध्याकाळ की एकट्या माझीच, अशी त्याची तपासणी चालायची. डोळ्यानं काही सांगितलं की तो आधी डोळ्याकडेच संशयानं बघायचा. मंदाबाईनं या सगळ्याचा संसार करून टाकला. दुपारी काम नसलं की ती त्याच्या डोळ्यांवर ओढणी बांधायची आणि घरातून चालायला लावायची, मोरीपर्यंत, देवापर्यंत, फ्रिजपर्यंत. "आता आपटला असता न," असं म्हणून हसायची. आतापासून सवय असू द्यावी. आचल कॉलेजातून आली की दोघं चोरी पकडल्यासारखे थांबायचे. त्या खेळात तो शिकला की मंदा जवळ उभी असली तर हवा जरा उबदार लागते. डोळे बांधलेले असतानाही ती खोलीत कुठे आहे हे त्याला कळायचं. हे शिकलेलं आता कुठे वापरायचं हे काही त्याला कळेना.

रेल्वेच्या पुलाजवळ तो कठड्याला टेकून उभा राहिला. खालून सालेकशाकडे जाणारी गाडी निघाली होती. डब्यांच्या खिडक्यांतली माणसं त्याला एकेक दिसली. थेंबाची वेळ दिवे लागल्यावरची. बाटली फ्रिजच्या दारात, कोथिंबिरीच्या डब्याशेजारी. मंदा त्याला खुर्चीत मान मागे टाकून बसवायची, चष्मा काढून स्वतःच्या डोक्यावर चढवायची, आणि वाकायची. "वर पाहा." थंड थेंब पडायच्या आधी तिच्या बोटाचा हळदीचा वास यायचा, मग खालची पापणी ओढली जायची. त्याला लांबचं चष्म्याशिवाय काही दिसत नाही, पण वीतभर अंतरावरचं उघड्या डोळ्यांना स्वच्छ दिसतं. अशा माणसाचं तसंच असतं. म्हणजे रोज दिवेलागणीला सगळं जग धुरकट होऊन जायचं आणि त्यात एकच गोष्ट ठळक उरायची, तिचा चेहरा. भुवईतला देवीचा व्रण. वरच्या ओठावरची लव. तो तिचा चेहरा पाठ करायचा. पुढे दिसणार नाही तेव्हा असावा म्हणून. थेंबांनी त्याच्या पापण्या लांब आणि काळ्याभोर झाल्या, तशी ती चिडवायची, "नवरीवानी पापण्या घेऊन बसले, मी म्हातारी झाली अन् हे पाहा." ती हसली की तिचा श्वास त्याच्या कपाळाला लागायचा. लग्नाच्या इतक्या वर्षांत तिनं त्याच्याकडे इतक्या जवळून, इतक्या निवांत कधी पाहिलं नव्हतं. खरं म्हणजे तो त्या आजारात सुखी होता. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं.

आणि ज्या माणसानं चेहरा पाठ केला त्याला चेहऱ्यातला फरक कळणारच. कळला होता. आधी ओठ. मग नखं. मग खालच्या पापणीच्या आतली लाली गेली, आणि ती वाकली की गळ्याखालची कातडी भिजवलेल्या पोह्यासारखी पांढुरकी दिसायला लागली. एक दिवस थेंब घालून झाल्यावर त्यानं तिचा हात धरून ठेवला. "काऊन वो मंदा, तू मले फिक्कट दिसून राहिली." तिनं बाटलीचं टोपण लावलं. मग म्हणाली, "तुमचे डोळेच फिक्कट झाले, अजी. मले काय झालं? भिंतीकडे पाहा, तेबी फिक्कटच दिसंल." आणि त्यानं चष्मा लावून भिंतीकडे पाहिलं. भिंतही फिक्कट दिसली. पुढच्या खेपेला त्यानं नागपूरच्या डॉक्टरांना सांगितलंसुद्धा की आता रंग उडून राहिले, साहेब. त्यांनी एक तपासणी वाढवली. मंदा सोबत गेली होती, बाकावर त्याच्या शेजारी बसून होती, त्याची फाइल मांडीवर घेऊन. तेव्हा तिच्या अंगावरून कित्येक महिने रक्त जात होतं. पाळी जाऊन किती तरी वर्षं झालेली बाई. हे नंतर कळलं, आचलला, ते लपवता येईना तेव्हा. "काऊन नाही सांगितलं," असं आचलनं ओरडून विचारलं, तर म्हणाली, "घरात एका टायमाले एकच जण बिमार रायते. बाबूजीच्या डोळ्याचं होऊ दे, मंग पाहू." पिशवीचा कॅन्सर पोटभर पसरला होता. दवाखान्यातून लवकर घरी पाठवलं. शेवटचा आठवडाभर आचल थेंब घालायची आणि मंदा पलंगावरून बघायची, थेंब डोळ्यातच पडला न, इकडेतिकडे तर नाही गेला.

बकारामला राग आला. पुलाच्या कठड्यावर त्यानं मूठ आपटली तशी शेजारून जाणारी एक बाई दचकली. राग आला, पण तो कुणावर ठेवावा ते कळेना. नागपूरच्या डॉक्टरांनी लाल पाहिलं होतं. मशीननं बरोबर मोजलं होतं. ज्या निरोगी माणसांची मापं तिच्या पोटात होती, ती कुठे तरी आपापल्या घरी असतील, धडधाकट, त्यांना काय माहीत मंदाबाई कोण. आणि मंदा? तिनं तर त्याच्या आजाराचा आडोसा केला होता, आडोसा आयताच उभा होता. माझे डोळे चांगले आहेत असं कुणी त्या संध्याकाळी सांगितलं असतं, तर ती भिंतीकडे पाहा म्हणू शकली नसती. तो तिथेच, भर दुपारी, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर रडला. डोळ्यांतून पाणी आलं की आधी त्याला थेंब वाहून जाईल अशी काळजी वाटायची. आज तीही नव्हती.

मग तो पुढे चालू लागला आणि चालता चालता त्याला आचल आठवली. मंदा गेल्यावर तेराव्याला, माणसं निघून गेल्यावर, आचलनं त्याच्यासमोर बसून म्हटलं होतं, "मायनं तुमचे डोळे वाचवले, बाबूजी. आता तुमी त्याईले जपा." त्यानंतर हे वाक्य घरात राहायला आलं. त्याच्या आधारानं पोरगी उठली, शाळेत जाऊ लागली, हसू लागली. मावशी आली की तिला तेच सांगायची, शेजारणीला तेच. मायनं स्वतःकडे पाहिलं नाही, पण बाबूजीचे डोळे राहिले. त्या मरणाला तेवढा तरी मोबदला होता. आता हिला काय सांगायचं? की डोळ्यांना काही झालंच नव्हतं, वाचवायला काही नव्हतंच, तुझी माय कशासाठीच मेली नाही? नागऱ्याच्या रस्त्याला वळताना त्यानं ठरवून टाकलं. सांगायचं नाही. डॉक्टरीणबाईंनी डोळे चांगले आहेत म्हटलं, थेंब चालू ठेवा म्हटलं, एवढंच. रोज एक थेंब, जन्मभर. त्यानं डोळ्यांना फारसं काही बिघडणार नव्हतं, आणि पोरीची माय डोळे वाचवून गेलेली राहिली असती. हा विचार करून त्याला जरा बरं वाटलं. दुकानातून त्यानं नवी बाटलीही घेतली.

आचल आली तेव्हा दिवे लागले होते. स्कूटी लावून, ओढणीनं तोंड पुसत ती आत आली. "काय म्हणे डॉक्टर?" तिनं चपला काढायच्या आधीच विचारलं. "चांगले हायेत म्हणे." "अन् थेंब?" "चालू ठेवा म्हणे." ती हसली. मंदाच्या फोटोकडे बघून हसली. मग हात धुऊन, फ्रिजमधून बाटली काढून ती आली, त्याचा चष्मा काढून तिनं स्वतःच्या डोक्यावर चढवला. हे तिनं आईचं पाहून उचललं होतं की तिचं तिला सुचलं होतं कोण जाणे. "वर पाहा, बाबूजी." ती वाकली. जग धुरकट झालं आणि वीतभर अंतरावर तिचा चेहरा ठळक झाला.

तो पाहत राहिला. तिच्या ओठांच्या कडा. डोळ्यांखाली पडलेले खळगे. आणि स्वतःचे डोळे चोळताना तिची खालची पापणी ओढली गेली तेव्हा आतली पांढुरकी कड. असेल, शाळेतली दगदग असेल, डबा नीट खात नसेल. दिव्याचाही उजेड असेल. इतकी वर्षं मुरलेल्या सवयीनं त्यानं आधी दिव्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे. भिंत धुरकट होती, पण पांढरी होती. साधी, चुन्याची.

"आचल," तो म्हणाला, "तू मले फिक्कट दिसून राहिली."

"तुमचे डोळे, बाबूजी," ती सहज म्हणाली, बाटलीचं टोपण उघडत. "मले काय झालं?"

त्यानं तिचं मनगट धरलं. जोरात धरलं असावं, कारण ती "अगा माय" म्हणाली आणि बाटलीतून एक थेंब निसटून त्याच्या गालावर पडला. तो काय ठरवून आला होता ते सगळं त्याला आठवत होतं, दुकानातून घेतलेली नवी बाटली खिशात मांडीला टोचत होती.

"माहे डोळे चांगले हायेत," तो म्हणाला. "पयलेपासून चांगले होते. बिमारी नव्हतीच म्हणे. मशीनमधी दुसऱ्याची बानगी होती."

आचल तशीच वाकलेली राहिली. तिला कळायला वेळ लागला, आणि कळत गेलं तसं तिच्या चेहऱ्यावर काय काय होत गेलं, ते वीतभर अंतरावरून त्याला सगळं दिसलं. त्यानं डोळे मिटले नाहीत. "मंग माय..." ती म्हणाली. "मंग माय कायले..."

"मायबी फिक्कट दिसत होती मले," तो म्हणाला. "मी म्हटलं तिले. तर भिंतीकडे पाहा म्हणे." त्यानं तिचं मनगट सोडलं नाही. "उद्या शाळेले नको जाऊ. दवाखान्यात जाऊ, तुह्यासाठी. मले बराबर दिसत होतं, आचल. आताबी बराबरच दिसते."